नट एक, पण प्रयोग मागच्यांचा: बेळगावात ‘क्रॅप्स लास्ट टेप’

सॅम्युअल बेकेटच्या या नाटकात माणूस एकच दिसतो. एकोणसत्तरीचा क्रॅप वाढदिवसाच्या रात्री टेबलाशी बसून स्वतःच्याच आवाजातली, एकोणचाळिसाव्या वर्षी भरलेली टेप ऐकतो. थांबवतो, मागे नेतो, चिडतो, परत लावतो. जुगलबंदी आहे ती नटाची आणि यंत्राची, आणि यंत्राला बोलतं करणारं कुणीतरी मागे बसलेलं असावं लागतं. टिळकवाडीतल्या शंभरेक खुर्च्यांच्या सभागृहात एका हौशी संस्थेने मराठीत केलेला हा प्रयोग उभा राहतो तो या मागच्या मंडळींमुळे. नटाचं काम चांगलंच आहे, त्याचं कौतुक गावभर होईल. म्हणून इथे बाकीच्यांबद्दल.

टेबलावरचा स्पूलचा टेपरेकॉर्डर अस्सल जुना आहे, पण आवाज त्याचा नाही. ते शहाणपणाचंच. अशा यंत्रातले रबरी पट्टे वयोमानाने एकतर कडक होतात किंवा त्यांचा चिकट लगदा होतो. वेग डळमळला की शब्द हेलकावे खातात. शिवाय नटाने भरात रिवाइंडवरून थेट प्लेवर उडी घेतली तर टेप तुटण्याची भीती. इथे मोटर तेवढी चालू ठेवलीय. पाव इंची टेप या स्पूलवरून त्या स्पूलवर नुसती सरकते. आवाज मागच्या लॅपटॉपमधून वायरने येतो आणि यंत्राच्या पोटात बसवलेल्या चार इंची स्पीकरमधून बाहेर पडतो. पुष्कळ ठिकाणी तो सभागृहाच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरवर सोडतात; मग ती आकाशवाणी होते आणि म्हातारा यंत्राला कान लावून का बसलाय तेच कळत नाही. ब्लूटूथही इथे उपयोगाचं नाही. त्यात आवाज किंचित मागे पडतो, आणि खटका व शब्द यांच्यातली तेवढी फटसुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत जाणवते.

प्लेच्या दांड्याखाली एक बारीक स्विच दडवलाय. दांडा दाबला की मागे ध्वनी सांभाळणाऱ्या मुलीसमोर छोटा दिवा लागतो आणि ती क्यू, म्हणजे ठरलेला आवाजाचा तुकडा, सोडते. स्विचवरूनच आवाज थेट का सुरू करू नये? कारण नट कधी दोनदा दाबतो, कधी अर्धवट. मध्ये माणूस असला की चूक पोटात घालता येते. प्रयोगात एकदा नटाचं बोट दांड्यावरून घसरलं, दिवा क्षणभर लुकलुकला असणार. हिने आवाज सोडला नाही, तो दुसऱ्यांदा दाबेपर्यंत थांबली. बघणाऱ्याला वाटलं, म्हाताऱ्याचा हात थरथरला. ही समज बटणांची नव्हे, नाटकाची आहे.

टेपवरचा आवाज त्याच नटाचा. सॉफ्टवेअरने पट्टी चढवून तो तरुण केलेला नाही. तसं केलं की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. नटाला उभं करून, छाती भरून, जरा आढ्यतेने बोलायला लावलंय, आणि ते जमलंय. एक खोट राहिलीय. मुद्रण पावसाळ्यात झालं असावं. एका तुकड्यामागे कौलावरच्या पावसाची बारीक सर ऐकू येते आणि पुढच्या तुकड्यात ती कापल्यासारखी थांबते. त्याच खोलीतली मिनिटभर रिकामी शांतता भरून घेऊन सगळ्या तुकड्यांखाली पसरली असती तर सांधा दिसला नसता. अजूनही करता येईल.

प्रकाशयोजना वाचताना सोपी: टेबल आणि आजूबाजूची थोडी जागा लख्ख पांढरी, बाकी अंधार. करायला बसलं की घाम फुटतो. दिवा बरोब्बर डोक्यावर टांगला तर डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात. पुढे आणला तर उजेड मागच्या काळ्या पडद्यावर सांडतो आणि धुऊन धुऊन विटलेला पडदा राखाडी दिसू लागतो. इथे एक हजार वॅटचा हॅलोजन किंचित पुढे, पत्र्याच्या झापा आवळून लावलाय. टेबलाचा पृष्ठभाग मुद्दाम मळकट, चमक नसलेला. चेहऱ्यावरचा उजेड समोर उघडलेल्या जाडजूड वहीच्या पांढऱ्या पानांवरून परत येतो. क्रॅप वहीवर वाकला की डोळे दिसतात, मागे रेलला की बुडतात. दाद द्यावी अशी युक्ती. डिमरची, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राची केबल आणि आवाजाची वायर स्टेजच्या दोन वेगवेगळ्या कडांनी नेलीय, त्यामुळे स्पीकरमध्ये गुणगुण नाही. छोट्या सभागृहांत निम्मे प्रयोग त्या गुणगुणीने मारले जातात. दिव्यांवरचे गृहस्थ कन्नड बोलणारे. ‘रेडी इरू’ (तयार राहा), ‘हं, बिडु’ (हं, सोड) असं खालच्या आवाजात चाललेलं मागच्या रांगेत ऐकू येतं. बेळगावात त्याचं नवल नाही, पण आवाज आणखी उतरवायला हरकत नाही.

मराठी संगीत नाटक रुजवणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांचं गुर्लहोसूर याच जिल्ह्यातलं. पडदा उघडताच सूर कानी पडावा ही या भागातल्या रसिकांची जुनी सवय. या नाटकात मात्र सुरुवातीची कितीतरी मिनिटं शब्दही नाही. आहेत ती किल्ल्या, खण आणि केळी. म्हणजे प्रॉपर्टी (प्रयोगातल्या वस्तू) बघणाऱ्याची परीक्षा. खण प्रेक्षकांच्या बाजूला उघडतात, तेव्हा टेबल उलटं लावावं लागतं. दमट हवेत लाकूड फुगून खण अडकतो. त्याच्या पट्ट्यांवर मेणबत्ती घासलेली असणार, इतका तो अलगद सरकतो. केळं जवारी, म्हणजे गावठी, नाही. ते आखूड, लांबून दिसत नाही. संहितेतही मोठंच केळं आहे. सालीवरून घसरण्याची जागा ठरलेली, बुटांच्या तळव्याला मागच्या अर्ध्या भागात खरखरीत रबर, म्हणून नट घसरतो पण पडत नाही. आत जाऊन बाटलीचं बूच उडवल्याचा आवाज विंगेत प्रत्यक्ष काढलाय, सायकलच्या पंपाला बूच लावून काढतात तसा. खऱ्या बाटलीचा भरवसा नसतो.

संहितेतलं क्रॅपचं जांभळं नाक वगळलंय, ते बरं केलं. १९६९ साली बर्लिनमध्ये बेकेटने स्वतः हे नाटक बसवलं तेव्हा त्यानेही विदूषकी रंगभूषा उतरवली होती. पण शेवट बिघडवलाय. क्रॅप समोर बघत निश्चल बसतो आणि टेप मुकाट फिरत राहते, अशी स्पष्ट सूचना आहे. दिग्दर्शकाने तिथे तंबोरा सोडलाय, तोही नेमका सभागृहाच्या मोठ्या स्पीकरवर! पन्नासेक मिनिटं चार इंची स्पीकरने कमावलेलं अर्ध्या मिनिटात घालवलं. शिवाय बेकेट १९८९ मध्ये गेला, म्हणजे आपल्या कायद्याप्रमाणे हक्क २०४९ अखेरपर्यंत आहेत, आणि रंगसूचनांत केलेली भर त्याच्या वारसांना खपत नाही. परवानगी काढून करणाऱ्या संस्थेने हा तंबोरा गुंडाळून ठेवलेला बरा.

मध्यंतर नाही. तिसरी ते पाचवी रांग धरा. पहिल्या दोन रांगांतून टेबलावरची वही दिसत नाही, आणि मागच्या दोन रांगांत पंख्यांच्या घरघरीत टेपवरचे हळू शब्द बुडतात. व्यवस्थापकांनी निदान टेप चालू असताना तरी मागचे पंखे बंद ठेवावेत.