कंपनीचं बॅरल की बाहेरचं? आठ महिने आणि २४० गोळ्यांनंतर

काल रात्री रायफल साफ केली आणि पाचवा पॅच (नळीतून फिरवायचा कापडाचा तुकडा) पांढरा बाहेर आला. आठ महिन्यांपूर्वी बदललेल्या जुन्या बॅरलमध्ये हे मी कधीच बघितलं नव्हतं. कितीही घासा, पॅच निळाच, म्हणजे आत तांबं शिल्लक. तर या पाच पॅचमुळेच आज लिहायला बसलोय.

रायफल ३०८ विंचेस्टर (हा काडतुसाचा प्रकार), बोल्ट अ‍ॅक्शन, सेकंडहँड घेतलेली. बॅरल कंपनीचं, हॅमर फोर्ज केलेलं (ठोकून घडवलेलं), २२ इंची, ट्विस्ट (आतल्या खाचांचा पीळ) १:१२. पहिली दोन वर्षं तक्रार नव्हती, मग ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पुंजका) फाकायला लागले. १०० मीटरवर तीन गोळ्या ३ सेंटीमीटरात बसायच्या त्या ७-८ वर गेल्या, आणि त्याहून वाईट म्हणजे थंड बॅरलची पहिली गोळी बाकीच्यांपेक्षा ५ सेंटीमीटर वर. शिकारीत तुम्हाला मिळते ती थंड बॅरलची पहिली गोळीच, ती कुठे जाईल हेच माहीत नसेल तर जनावर जखमी होऊन निघून जाणार, आणि ते मला अजिबात चालत नाही.

आधी अर्थातच कंपनीकडे गेलो. म्हटलं नुसतं बॅरल द्या, बसवून मी घेतो. तर नाही, सुटं बॅरल विकत नाही, अख्खी रायफल पाठवा. पाठवली. सात आठवडे ठेवून घेतली आणि परत आली ती एका कागदासकट, 'मर्यादेत आहे'. कोणती मर्यादा, किती गोळ्या मारून बघितल्या, कोणतं काडतूस वापरलं, काही नाही. फोन केला तर तीच टेप. तिसऱ्या फोनला म्हणाले की पैसे भरून नवीन बॅरल बसवून देऊ, पण ट्विस्ट तोच १:१२, जाडी तीच, बदल काही मिळणार नाही.

इथे माझं गाडं अडलं. मी आता शिसं नसलेल्या, पूर्ण तांब्याच्या १६५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळ्या वापरतो. तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४, म्हणजे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि लांब गोळी हवेत स्थिर ठेवायला जास्त वेगाने फिरवावी लागते. १:१२ म्हणजे १२ इंचात एक फेरा, १:१० मध्ये तोच फेरा १० इंचात. पैसे भरून परत तोच काठावरचा ट्विस्ट घ्यायचा हे मला पटेना.

म्हणून एका गनस्मिथकडे गेलो. त्याने पहिल्यांदा आत बोरस्कोप (नळीत घालायचा बारीक कॅमेरा) घातला आणि स्क्रीनवर दाखवलं. चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढचा भाग, जिथून रायफलिंग, म्हणजे पिळाच्या खाचा, सुरू होतं तो, तळं आटल्यावर चिखलाला भेगा पडतात तसा दिसत होता. आधीच्या मालकाने भराभर टार्गेट मारून बॅरल तापवलं असणार. हे बघितल्यावर मन शांत झालं, बॅरल गेलं होतं हे नक्की. तेव्हा कंपनी असो की बाहेरचं, आधी बोरस्कोपने बघा, नाहीतर साफसफाईने सुटणाऱ्या दुखण्यावर नवीन बॅरलचा खर्च कराल.

बाहेरचं घ्यायचं तर पुन्हा दोन रस्ते. एक प्रीफिट, म्हणजे चेंबर आणि आटे तयार असलेलं. सॅवेजसारख्या बॅरल नट असलेल्या रायफलला ते सोपं पडतं, कारण हेडस्पेस (बोल्टपासून चेंबरमध्ये काडतूस टेकतं तिथपर्यंतचं अंतर) नट फिरवून जुळवता येतो. दुसरा ब्लँक, म्हणजे नुसती रायफलिंग केलेली नळी, चेंबर आणि आटे गनस्मिथ तुमच्या अ‍ॅक्शनच्या मापाने कापतो. माझ्या रायफलला नट नाही, त्यामुळे ब्लँक. क्रीगर आणि बार्टलाइन कट रायफलिंग (खाचा कापून काढणं) करतात, शिलेन आणि लोथर वाल्थर बटन (कठीण बटन नळीतून ओढून खाचा दाबून उमटवणं). मी बटन रायफलिंगचंच, १:१० चं, हाताने लॅपिंग केलेलं (आतून घासून गुळगुळीत केलेलं) घेतलं (कोणाचं ते लिहीत नाही, जाहिरात वाटायला नको), कारण कटसाठी लागणारे जास्तीचे पैसे वर्षाला मोजक्याच गोळ्या मारणाऱ्या माणसाने का द्यायचे? लांबी २२ इंचच ठेवली. दोन इंच वाढवले असते तर वेग थोडा वाढला असता, पण झाडीत लांब नळी सांभाळत फिरायचं कोणी.

खर्चाचं सांगतो. ब्लँक, चेंबरिंग, ब्लूइंग (गंजू नये म्हणून चढवलेला काळा-निळा थर), स्टॉक (रायफलचं लाकडी अंग) कोरणं सगळं मिळून कंपनीने सांगितलेल्या रकमेच्या दीडपट झालं, आणि चार महिने थांबलो ते वेगळं. मला हे लागलं, अजून लागतंय. वजनही ३०० ग्रॅमने वाढलं, कारण कंपनीच्या बॅरलइतकं बारीक कॉन्टूर (बाहेरची जाडी) मिळालं नाही. हेडस्पेस मात्र त्याने माझ्यासमोर गेज लावून दाखवला, १.६३० इंचाच्या गो गेजवर बोल्ट बंद, १.६३४ च्या नो-गोवर बंद होत नाही. हे न बघता बाहेरच्या बॅरलमधून एकही गोळी मारू नका.

पहिल्या दिवशी रेंजवर ग्रुप आला साडेसहा सेंटीमीटर. त्या संध्याकाळी मी सगळ्यांना सांगत सुटलो की बाहेरचं बॅरल घेऊ नका, पैसे पाण्यात. दोन दिवसांनी कागदाची पट्टी बॅरल आणि स्टॉकच्या मधून सरकवली तर पुढे एका जागी अडकली. बॅरल तापलं की तिथे लाकडाला टेकत होतं. ते कोरून घेतलं आणि पुढच्या वेळेस २ सेंटीमीटर. तेव्हा जे बोललो ते मागे घेतो, दोष बॅरलचा नव्हता.

आता पॅच. नवीन बॅरल आतून इतकं गुळगुळीत आहे की तांबं धरतच नाही. तांब्याच्या गोळ्यांचा थर खरखरीत नळीत लवकर चढतो, आणि अमोनियावाल्या सॉल्व्हंटने तो विरघळला की पॅच निळा होतो. जुन्या बॅरलला मी ४०-४० पॅच घालवलेत, अख्खी संध्याकाळ, हाताला अमोनियाचा वास. पहिले दोन महिने मी नवीनचे आणि जुन्याचे पॅच वहीत लिहून ठेवत होतो.

पण इथे एक दुरुस्ती करायला हवी. मध्येच लक्षात आलं की माझा जॅग (सळईच्या टोकाचा पॅच धरणारा तुकडा) पितळेचा होता, आणि पितळेतही तांबं असतं, म्हणजे सॉल्व्हंट जॅगलाच खात होतं आणि पॅच निळा करत होतं. प्लास्टिकचा जॅग आणि नायलॉनचा ब्रश आणला, जुनं काढलेलं बॅरल घरातच होतं, ते पुन्हा साफ केलं. १७ पॅच लागले. म्हणजे ४० विरुद्ध ५ हे मी जे सगळ्यांना सांगत होतो ते चुकीचं, खरं अंतर १७ आणि ५ चं. तरीही १७ आणि ५ मध्ये पाऊण तास आहे.

आणि थंड बॅरलची पहिली गोळी. आठ महिन्यांत अकरा वेगवेगळ्या सकाळी फक्त एकच गोळी मारून कागद जपून ठेवलेत. अकरा कागद एकावर एक ठेवले तर सगळी भोकं साडेतीन सेंटीमीटरात. दीडपट पैशाचं दुःख इथे कमी होतं.

तुमची रायफल वॉरंटीत असेल, शिशाच्या साध्या गोळ्या वापरत असाल आणि कंपनीचा ट्विस्ट त्याला पुरत असेल तर सरळ कंपनीकडून घ्या. स्टॉक कोरावा लागत नाही, हेडस्पेस त्यांच्या जबाबदारीवर आणि विकताना भाव येतो. टिक्कासारख्या कंपन्यांची हॅमर फोर्ज केलेली बॅरलंही उत्तम चालतात, त्या पद्धतीत खोट नाही. काही देशांत बॅरलचीही परवान्यावर नोंद लागते, ऑर्डर देण्याआधी ते बघून घ्या. माझी गरज १:१० ची होती आणि ती द्यायला कंपनी तयार नव्हती, एवढ्यावरच माझा निर्णय झाला.

जुनं बॅरल तेल लावून कपाटात ठेवलंय. नवीनच्या ५०० गोळ्या झाल्या की पुन्हा बोरस्कोप घालणार आणि पॅचचा आकडा इथेच लिहीन.