मदद पोर्टल रिव्ह्यू: तक्रार टाका, पण टाकून गप्प बसू नका

परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल, सुषमा स्वराज मंत्री होत्या तेव्हा 2015 ला चालू झालेलं. परदेशात अडकलेल्या माणसाच्या घरच्यांनी तक्रार नोंदवायची ही सरकारी जागा, पैसे पडत नाहीत. माझा मावसभाऊ बोटीवर असतो, त्यांची बोट आफ्रिकेतल्या एका बंदरात अडकवून ठेवली आणि पोरांचे पासपोर्ट काढून घेतले तेव्हा हे वापरायची वेळ आली. (भाऊ आता घरी आहे, नवीन बोट शोधतोय, काय बोलायचं.) रिव्ह्यू लिहितोय कारण शोधलं तर एकतर "थँक्यू सर" सापडतं नायतर शिव्या, कामाचं कोणी लिहीत नाही.

माझ्याकडून पाचातले साडेतीन स्टार.

फॉर्म भरणं फार अवघड नाहीये, ईमेल मोबाईल टाकून अकाउंट काढायचं, मग अडकलेल्याचं नाव, पासपोर्ट नंबर, देश, काय झालंय ते. तक्रारीचे प्रकार दिलेत, तुरुंगात आहे, पगार थकलाय, पत्ता लागत नाही, भारतात परत आणायचंय वगैरे, त्यातला बरोबर निवडा. पार्थिव आणायचा पर्यायपण त्याच लिस्टमध्ये आहे. मावशी शेजारी बसून "काय काय लिहिलंय ते मोठ्याने वाच" म्हणत होती, तिथे मी गाळून पुढे गेलो. त्यामुळे पहिली टिप हीच की आईला, बायकोला फॉर्म भरायला बसवू नका, भाचा पुतण्या शेजारचा कोणीतरी बसवा. कागद आधीच काढून ठेवा, पासपोर्टची झेरॉक्स, बोटीवरचा असेल तर सीडीसी (खलाशाचं सरकारी नोंद पुस्तक), करारपत्र, एजंटचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा सरकारी परवाना) नंबर. आमच्याकडे सगळं रेशनकार्डाच्या पिशवीत कोंबलेलं होतं आणि करारपत्राचं शेवटचं पान गायब, नेमकं सही असलेलं.

सबमिट केलं की एक क्रमांक मिळतो. माझ्या मते पोर्टलची खरी किंमत ह्या क्रमांकात आहे. खासदाराच्या ऑफिसात गेलो तर पहिला प्रश्न "मददवर टाकलंय का, नंबर द्या", खलाशांच्या युनियनवाल्यांना तो लागतो, डीजी शिपिंगला (जहाज वाहतुकीचं सरकारी खातं) मेल टाकताना विषयात तो लिहिला की पत्र कशाबद्दल आहे ते समोरच्याला लगेच कळतं. तोवर तुम्ही नुसतं रडगाणं घेऊन फिरणारे असता.

आता दीड स्टार कशाला कापला. लोकांची समजूत असते की तक्रार टाकली म्हणजे दूतावास जाऊन माणूस सोडवून आणणार. तसं नसतं. पोर्टल तक्रार दूतावासाकडे पोचवतं. दूतावास माणसाला भेटायची परवानगी मागतो, 1963 च्या व्हिएन्ना करारात तो हक्क आहे, वकिलांची यादी देतो, फारच गरज असेल तर 2009 पासून एक कल्याण निधी आहे त्यातून मदत होऊ शकते. तिथल्या कोर्टात ढवळाढवळ करता येत नाही. शिवाय बऱ्याच देशांत कैद्याने स्वतः संमती दिल्याशिवाय तिथलं सरकार आपल्या दूतावासाला माहितीच देत नाही, म्हणून माणसाशी बोलणं झालंच तर "जेवलास का" च्या आधी "संमतीच्या कागदावर सही केलीस का" हे विचारा. 2025 ला सरकारने संसदेत दिलेला आकडा आहे, दहा हजारांवर भारतीय परदेशी तुरुंगांत. एवढ्या ढिगात तुमची फाईल आपोआप वर येईल का, तुम्हीच सांगा. ती वर ढकलायला बाहेरून माणसं लागतात.

वर्सोव्याचा हमीद अन्सारी बघा. 2012 ला पाकिस्तानात गायब झाला, आई फौजिया अन्सारी दारोदार फिरल्या, मुंबईचे पत्रकार जतीन देसाई सोबत लागले, तिकडे पेशावर हायकोर्टात याचिका पडली तेव्हा कुठे 2016 ला तो लष्कराच्या ताब्यात असल्याचं पाकिस्तानने कबूल केलं. तोवर तो जिवंत आहे की नाही हेच माहीत नव्हतं! त्याच्यासाठी अर्ज करणारी झीनत शहजादी ही पाकिस्तानी पत्रकार मुलगी 2015 ला लाहोरमधून उचलली गेली, दोनेक वर्षांनी सापडली. डिसेंबर 2018 ला हमीद शिक्षा भोगून परत आला. हे कुठल्या पोर्टलवर होणारं काम नाहीये.

हिरॉइक इडुन टँकरचंपण तसंच. 2022 च्या ऑगस्टमध्ये इक्वेटोरियल गिनीने पकडला, 26 जण, त्यातले 16 आपले, मग उचलून नायजेरियाच्या ताब्यात दिले. पोरांनी बोटीवरून व्हिडिओ काढून पाठवले तेव्हा देशभर बोंब झाली, तरी सुटायला 2023 चा मे उजाडला. लंडनमध्ये नाझनीन झगारी रॅटक्लिफ ह्या इराणमध्ये अडकवलेल्या ब्रिटिश-इराणी बाईच्या नवऱ्याने परराष्ट्र खात्याच्या दारात 21 दिवस उपोषण केलं, आणि ती इराणमधून सुटली ती ब्रिटनने इराणचं रणगाड्यांचं जुनं देणं चुकतं केल्यावर. म्हणजे आंदोलनाने देणं फिटत नाही, पण आपल्या माणसाला कशासाठी अडकवलंय हे सगळ्यांच्या तोंडी आलं की सरकारला टाळता येत नाही.

आणि डहाणू तलासरीकडचे खलाशी, गुजरातच्या बोटींवर जातात आणि पाकिस्तानात पकडले जातात, त्यांच्या घरच्यांना पोर्टल वगैरे कोण सांगणार. दोन्ही देश 1 जानेवारी आणि 1 जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, तेवढ्या तारखा लक्षात ठेवा आणि मच्छीमार संघटनेला गाठा.

आमच्या बाबतीत काय चाललं तर एकच जण बोलणारा ठेवला, रोज एकच मेसेज, त्यात क्रमांक, बंदराचं नाव, बोटीवर पाणी किती शिल्लक आहे ते. बाकीच्या पोरांच्या घरच्यांना, केरळ बिहार कुठकुठले, एका ग्रुपमध्ये घेतलं आणि चार दिवसांत ग्रुपवर फक्त अॅडमिन लिहिणार असं केलं कारण गुड मॉर्निंगची फुलं आणि हनुमान चालिसा ह्यात दूतावासाचा मेल वाहून गेला होता. बातमीवाल्यांना सांगताना त्या देशाला शिव्या घालू नका, पोरं त्यांच्याच ताब्यात आहेत. एजंटचं काय म्हणाल तर त्याने आधी "मीडियात जाऊ नका, प्रकरण बिघडेल" सांगितलं आणि नंतर फोन उचलणंच बंद केलं. बिघडायचं काय राहिलं होतं देव जाणे.

अजून एक, मोबाईल नंबर पोस्टमध्ये टाकू नका. आम्ही टाकला होता, तर "दूतावासातून बोलतोय, दंड भरा, आजच सुटेल" असे फोन चालू झाले, मावशी बांगड्या काढून बसली होती. असा फोन आला की तक्रार क्रमांक विचारा, आम्ही विचारला तेव्हा समोरून कट.