खिंडसीवर आठ महिने वॉकी-टॉकी: मरीन सेट परत केला, हा ठेवला

मागच्या रविवारी रामटेकजवळच्या खिंडसी तलावात माझा वॉकी-टॉकीचा सेट पाण्यात पडला, म्हणून लिहायला बसलो. नाहीतर दोन ओळींत भागलं असतं.

मला खरं तर हा सेट नकोच होता, मरीन व्हीएचएफ, म्हणजे समुद्रातल्या बोटींवर असतो तो वॉकी-टॉकी हवा होता. हवा भरायची कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी घेतली तेव्हा सौ.ची एकच अट होती: तुम्ही पाण्यात आणि मी काठावर, तर बोलता आलं पाहिजे. मोबाईल ओल्या बोटांना दाद देत नाही, आणि बुडाला तर वीस हजार तळाला. म्हणून ऑनलाइन 11,400 चा मरीन सेट मागवला. सहा वॅट, चॅनल 16 चं वेगळं बटण, पाण्यावर तरंगतो आणि पाणी लागलं की आपोआप दिवा लुकलुकतो. बाथरूमच्या बादलीत टाकून पाहिला. खरंच तरंगला, लुकलुकलाही. घरातली पोट्टी खूश. जाहिरातीत ठळक लिहिलं होतं, 'परवान्याची गरज नाही'.

भाचा सिॲटलला असतो, त्याची तिथे छोटी शिडाची बोट आहे. फोनवर म्हणाला, "मामा, काही लागत नाही. 20 मीटरपेक्षा लहान बोटीला लायसन्स नाही." मी म्हटलं, बरं झालं. तर तोच थांबून म्हणाला, "पण तुम्ही नागपुरात आहात ना?"

तिथेच पोटात गोळा आला. त्याचा नियम अमेरिकेचा, तोही त्यांच्याच पाण्यापुरता. तो बोट घेऊन कॅनडाच्या बंदरात गेला की त्यालाही बोटीचा स्टेशन परवाना आणि स्वतःचं ऑपरेटर परमिट लागतं. ब्रिटनमध्ये उलटी गंमत: बोटीचा परवाना ऑनलाइन आणि फुकट, पण सेटवर बोलणाऱ्याने परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचं. आपल्याकडे 1933 च्या कायद्यापासून असा संदेश पाठवणारा रेडिओ वापरायलाच नाही, नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागतो, आणि 2023 च्या नव्या दूरसंचार कायद्यानेही ती गोष्ट सोडलेली नाही. परवाना दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते, आणि तो जहाजाच्या नावावर निघतो. माझ्या रबरी कयाकला नाव नाही की नोंदणी नाही. म्हणजे बादलीत लुकलुकणारी ती वस्तू माझ्या घरात असणंच चूक होतं.

पहिले चार दिवस मी सरकारवर चिडलो. तळ्यात बायकोशी बोलायला दिल्लीची परवानगी कशाला? मग सेटसोबतचं पुस्तक नीट वाचलं आणि राग उतरला. चॅनल 16 म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झ, संकटात हाक मारायचं चॅनल. समुद्रात तटरक्षक दल आणि येणारी-जाणारी जहाजं त्यावर कान लावून असतात, म्हणूनच तिथे गप्पा चालत नाहीत. खिंडसीत त्यावर 'वाचवा' म्हटलं तर कोण ऐकणार, रामटेकच्या गडावरची माकडं? एकदा सेट लावूनही पाहिला, खरं सांगतो. नुसती खरखर. व्हीएचएफ साधारण नजरेच्या टप्प्यात चालतो, आणि कयाकमध्ये बसल्यावर अँटेना पाण्यापासून जेमतेम मीटरभर वर, म्हणजे क्षितिज चारेक किलोमीटरवर. सहा वॅटचे पैसे मी कशाला मोजले होते, देव जाणे.

विक्रेता म्हणाला, "उघडलेला माल परत होत नाही." मी म्हटलं, भाऊ, मे 2025 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच वॉकी-टॉकींच्या विक्रीवरून ऑनलाइन दुकानांना नोटिसा दिल्या, नंतर नियमही काढले की फ्रिक्वेन्सी कोणती, परवाना लागतो का, हे जाहिरातीत लिहा. तुमच्या पानावर अमेरिकेचा नियम चिकटवलाय. फोन ठेवला त्याने. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, अकराव्या दिवशी पैसे आले. परत पाठवायच्या कुरिअरचे 280 रुपये मात्र गेले ते गेलेच. ते मी अजून विसरलेलो नाही.

मग हा घेतला: 446 मेगाहर्ट्झची जोडी, अर्धा वॅट, 3,900 रुपयांत दोन. 446.0 ते 446.2 हा पट्टा 2018 पासून कमी शक्तीच्या सेटना परवानामुक्त आहे. फक्त सेटला ईटीए, म्हणजे सरकारी मान्यता असावी. ती दाखवा म्हटल्यावर सीताबर्डीतल्या दोन दुकानदारांनी विषय बदलला, तिसऱ्याने कागद काढून दिला.

डब्यावर पाच किलोमीटर लिहिलंय, त्यावर जाऊ नका. सीताबर्डीत दोन गल्ल्यांनंतर आवाज तुटतो. उघड्या पाण्यावर मात्र दीड-दोन किलोमीटर स्वच्छ, आणि मला त्याहून जास्त वल्हवायचंच नसतं. बॅटरी दोन रविवार पुरते. आठ महिन्यांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला संदेश: "चहा निवतोय, या."

दोष एकच, पण तो मला झोपू देत नाही: हा बुडतो. दगडासारखा. त्या मरीन सेटची तीच एक गोष्ट हवी होती. शेवटी अर्ध्या लिटरची पाण्याची रिकामी बाटली बूच घट्ट लावून नायलॉनच्या दोरीने क्लिपला बांधली. दोरी हातभरच ठेवा, लांब ठेवली तर वल्ह्यात गुंतते. क्लिपचं प्लास्टिक ढिलं आहे, म्हणून गाठ क्लिपला नाही, अँटेनाच्या बुडाशी मारा. मी क्लिपलाच मारली होती. रविवारी क्लिप तुटली, बाटली मजेत तरंगत गेली आणि सेट खाली. नशीब, काठाजवळ कमरेइतकंच पाणी होतं. सापडला.

इथपर्यंत लिहून मी याला दोन तारे देणार होतो. आत्ता चार दिवस उन्हात वाळवून बॅटरी लावली, तर चालू झाला. आवाज घशात भाकर अडकल्यासारखा येतो, पण येतो. सौ.ला स्वयंपाकघरातून बोलायला सांगितलं, शब्द न् शब्द कळला. तेव्हा पाचपैकी साडेतीन. त्यातला अर्धा तारा बाटलीचा आहे, तो कंपनीने आपल्या नावावर मांडू नये.