शिगम्यापासून नरकासुरापर्यंत: पहिल्या डीएसएलआरचे आठ महिने

पुण्याच्या भाच्याने नव्या धाटणीचा मिररलेस कॅमेरा घेतला आणि त्याचा जुना डीएसएलआर, निकॉन डी३५००, माझ्याकडे गोव्यात फोंड्याला आला. सोबत कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी १८-५५ एमएमची झूम लेन्स, म्हणजे किट लेन्स. "मावशी, ऑटोवर ठेवू नकोस, एवढं एकच ऐक," असं त्याने बजावलं होतं. मी अर्थातच ऑटोवर ठेवला.

आठवड्याभरात शिगमो, म्हणजे आमची होळी. ढोल-ताशांवर नाचणाऱ्यांचा रोमटामेळ रस्त्यावर उतरला तोवर काळोख पडलेला. कॅमेऱ्याने आपणहून फ्लॅश उघडला आणि पुढचा माणूस पिठात लोळवल्यासारखा पांढरा, मागचे ढोल-ताशे काळोखात गडप. फ्लॅश बंद केला तर सगळेच धुरकट. लेन्सवर 'व्हीआर' (थरथर कमी करणारी सोय) लिहिलंय, मग फोटो हलतो कसा, याचा उलगडा व्हायला मला दोन महिने लागले. व्हीआर आपला थरथरणारा हात सांभाळून घेतं, समोरच्याच्या नाचण्याला ते काय करणार? मंगेशीचा दीपस्तंभ तिन्हीसांजेला १/१५ सेकंद शटर उघडं ठेवूनही हातात धरून नीट येतो, कारण तो बिचारा जागचा हलत नाही. नाचणाऱ्याला १/२५०च्या आसपास जावं लागतं, आणि रात्री तेवढा उजेड या लेन्समधून येत नाही. एफचा आकडा म्हणजे लेन्सचं छिद्र, आकडा लहान तितकं छिद्र मोठं आणि उजेड जास्त. १८वर एफ/३.५ मिळतं, ५५पर्यंत झूम केलं की ते एफ/५.६ होतं. मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ३२०० किंवा त्याच्याही वर. दाणे दिसतात, दिसू देत. हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो कधीही बरा.

त्याच दीपस्तंभाने मला मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा, शिकवला. भर उन्हात तो पांढरा शुभ्र दिसतो, फोटोत मळकट राखाडी. मला वाटलं लेन्सवर धूळ बसली. पुसून पुसून दमले. खरं असं की मीटरला पांढरं-काळं काही कळत नाही, समोर जे येईल ते मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरूनच तो हिशोब करतो. दीपस्तंभ पांढरा आहे हे त्याला आपण सांगायचं. शटरजवळचं अधिक-उण्याचं बटण दाबून धरायचं, अंगठ्याने चाक फिरवायचं, अधिक १ करायचं. बस्स. त्या दिवसापासून मी 'ए' मोडवर (छिद्र मी ठरवायचं, शटर कॅमेऱ्याने) आले ती आजतागायत तिथेच आहे. मॅन्युअलची हौस दोनदा केली, दोन्ही वेळा मुलं पळून गेल्यावर सेटिंग जमलं.

मेमध्ये ऑफिसातल्या एकाने त्याची जुनी ५० एमएम एफ/१.८ 'डी' लेन्स वापरायला दिली. लावली तर फोकस होईचना. मी मोडली की काय म्हणून घाम फुटला. या बॉडीत फोकसची मोटर नाही. ती लेन्समध्ये असावी लागते. 'डी'मध्ये ती नाही, 'जी'वाल्या ५०मध्ये आहे. सेकंडहँड घेणाऱ्यांनी लेन्सवर 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' आहे का ते आधी बघावं. मी हाताने रिंग फिरवत, व्ह्यूफाइंडरमधला ठिपका स्थिर होईपर्यंत वाट बघत महिनाभर चालवलं आणि मग ३५ एमएम एफ/१.८जी घेतली.

पावसाळ्याबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे कॅमेऱ्याचा खरा शत्रू तोच. जूनमध्ये किट लेन्स चामड्याच्या पिशवीत घालून लाकडी कपाटात ठेवली, वर 'जपून ठेवलीय' याचं समाधान. आषाढात बाहेर काढली तेव्हा आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. बुरशी! साफ करून घेतली, पैसे गेले. सासूबाई म्हणाल्या, तांदळात ठेव. ठेवली असती तर झूमच्या रिंगेत कोंडा शिरला असता. आता घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात निळी सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटंसं घड्याळ. काटा ४० ते ५०मध्ये ठेवायचा. दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर गरम करून पुन्हा निळे होतात. त्यासाठी एक जुना तवा कायमचा वेगळा काढलाय, तो पुन्हा स्वयंपाकाला नाही. पहिल्यांदा भाजत होते तेव्हा सासूबाईंनी दारातून विचारलं, "ही कसली खसखस?"

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढायचा नाही, हेही धुकं धरलेल्या काचेनेच शिकवलं. पिशवीतच पंधरा मिनिटं राहू द्यावा.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीचा फोटो काढायचा होता. एफ/१.८ची नवी नवलाई, आणि छिद्र मोठं की फोकसच्या मागचं-पुढचं धूसर होतं, त्यामुळे पहिल्या फोटोत एक सुपारी स्पष्ट आणि बाकी सगळा घड वितळलेला. वर कॅमेरा आपल्या मर्जीने ११ फोकस-बिंदूंपैकी सर्वात जवळचा पकडत होता. मधला एकच बिंदू ठेवला, एफ/५.६ केलं, शटर मंदावलं म्हणून स्टुलाला टेकून श्वास रोखला, तेव्हा कवंडळ आणि तोरिंगं ही फळं एकत्र स्पष्ट आली. स्क्रीन फिरत नाही, म्हणून छताकडे मान मोडून बघावं लागतं. दोन दिवस मानेला बाम.

बॅटरीची तक्रार नाही. कंपनी एका चार्जला १,५५० फोटो सांगते. मी चार्जर कुठे ठेवलाय ते विसरते.

नरकासुराच्या रात्री, म्हणजे नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री, वाड्यावरच्या मुलांनी केलेला भला थोरला काळा पुतळा. मीटरने त्याला करडा करायला घेतला, मी उणे १.३ केलं, डोळ्यातल्या लाल बल्बवर फोकस धरला, आणि पहिल्यांदा वाटलं की हा मला हवा होता तसा आला. पहाटे त्याला पेटवला तेव्हा मात्र राख उडायला लागली, तशी मी घाईघाईने कॅमेरा पिशवीत घातला. जळतानाचा फोटो शेजारच्या पोराच्या मोबाइलमध्ये आहे.