लो केलेल्या गाडीचा 'कॅम्बर करून दिला', पण नटाला पानाच लागला नव्हता

पुण्यातल्या एका स्विफ्टच्या मालकाची झालेली ही फसवणूक आहे. लो केलेल्या गाड्यांच्या बाबतीत हीच युक्ती वारंवार वापरली जाते, म्हणून सविस्तर लिहीत आहोत. दुकानाचं नाव देत नाही.

गाडीला 40 मिमीने खाली बसवणाऱ्या स्प्रिंग टाकल्या होत्या. त्यानंतर अलाइनमेंट, सोबत 'कॅम्बर किट' आणि ते बसवण्याची मजुरी असं बिल झालं. कॅम्बर म्हणजे समोरून पाहताना चाकाचा कल; चाकाची वरची कड आत झुकली की तो निगेटिव्ह. किट म्हणजे तो बदलायचे खास बोल्ट. हातात छापील रिपोर्ट मिळाला: पुढचा डावा कॅम्बर आधी −1°25' (1 अंश 25 मिनिटं; 60 मिनिटांचा 1 अंश), नंतर −0°20', उजवा −1°05' वरून −0°15', टो (वरून पाहताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) शून्य. सगळे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत. काही हजार किलोमीटरनंतर पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेला तारेपर्यंत गेले. दुसरीकडे मोजल्यावर कॅम्बर जवळपास पहिल्याइतकाच निघाला आणि एकूण टो 4 मिमी बाहेर.

खोटेपणा त्या कागदावरच दिसत होता, पण तो वाचायचा कसा हे बहुतेकांना माहीत नसतं. रिपोर्टमध्ये मागचा कॅम्बरही −1°10' वरून −0°45' झालेला होता. स्विफ्टला मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकसंध आडवा तुकडा) असतो आणि तिथे कॅम्बरसाठी कंपनीचं कुठलंही ॲडजस्टमेंट नसतं. बीम आणि स्टब ॲक्सल (चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा) यांच्या मध्ये शिम (पातळ चकती) टाकल्याशिवाय तो आकडा हलत नाही, आणि शिमचा बिलात उल्लेखही नव्हता. म्हणजे चाक होतं तिथेच होतं. हलला होता तो चाकावरचा क्लॅम्प.

मशीन चाक मोजत नाही, चाकावर लावलेल्या क्लॅम्पचा कल मोजतं. 15 इंची रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेत साधारण 415 मिमी अंतर असतं. एवढ्या अंतरावर 1 अंश म्हणजे 7 मिमी. क्लॅम्पचा वरचा पंजा रिमपासून 7 मिमी बाहेर राहिला, की 1 अंश निगेटिव्ह कॅम्बर कागदावरून गायब. हे लपवायचं असेल तर गाडी थोडी मागेपुढे ढकलून करायचं रन-आउट कॉम्पेन्सेशनही वगळावं लागतं, कारण त्यात क्लॅम्पचा तिरकेपणा पकडला जातो. 'आफ्टर' प्रिंटच्या आधी मेकॅनिक क्लॅम्पला हात लावत असेल तर तिथेच थांबवा आणि तुमच्यासमोर पुन्हा कॉम्पेन्सेशन करायला सांगा. क्लॅम्प काढून, परत लावून, दुसऱ्यांदा मोजलं तरी आकडे अंशाच्या 5 ते 10 मिनिटांच्या फरकात यायला हवेत.

आता खरं काम कसं होतं ते पाहा. स्विफ्टचा पुढचा शॉकअप नकलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) दोन बोल्टांनी जोडलेला असतो. कॅम्बर बोल्ट सहसा त्यातल्या एका भोकात, बहुतेक वेळा वरच्या, कंपनीच्या बोल्टऐवजी बसतो. त्याची दांडी बारीक असते आणि त्यावर एक्सेंट्रिक लोब, म्हणजे एका बाजूला फुगवटा, असतो. तो फिरवला की नकल शॉकअपच्या तुलनेत कलतं. म्हणजे दोन बाजूंचे मिळून दोन जुने बोल्ट निघतातच. ते परत मागा. या गाडीत चारही बोल्ट कंपनीचेच होते आणि नटांवरची धूळसुद्धा मोडलेली नव्हती. बारीक दांडीच्या बोल्टला टॉर्क (आवळण्याचा जोर) किट बनवणाऱ्याने दिलेलाच लावायचा, मूळ बोल्टचा नाही. आणि सुमारे 100 किमीनंतर पुन्हा तपासायचा. बोल्ट सरकला तर कॅम्बर आणि टो दोन्ही एकदम जातात.

दुसरी खूण टाय रॉडवर, म्हणजे स्टेअरिंगपासून चाकापर्यंत जाणाऱ्या आणि टो ठरवणाऱ्या दांड्यावर, असते. नकल कललं की टो बदलतोच, म्हणून आधी कॅम्बर, मग टो, हा क्रम ठरलेला आहे. कागदावर कॅम्बर अंशभर बदललाय आणि टाय रॉडचा लॉकनट मात्र गंजलेला, न हललेला, हे शक्य नाही. खरं काम झालं असेल तर लॉकनटावर पान्याच्या ताज्या खुणा असतात आणि बऱ्याचदा चकचकीत आटे उघडे पडलेले दिसतात.

टायर खाल्ले ते मुख्यतः टोने. गाडी खाली गेली की लोअर आर्म (नकलला खालून धरणारा दांडा) आणि टाय रॉड वेगवेगळ्या कमानीत फिरतात आणि टो आपोआप बिघडतो. एकूण 4 मिमी म्हणजे प्रत्येक चाकाला 2 मिमी. 415 मिमीच्या मापावर हा हिशेब केला तर प्रत्येक टायर दर किलोमीटरला सुमारे 5 मीटर आडवा घासला जातो. निगेटिव्ह कॅम्बरमुळे हा सगळा मार आतल्या कडेवर येतो. टो नीट असेल तर सव्वा अंश कॅम्बरवरही टायर बरीच मजल मारतो. तरीही दुकानात आग्रह कॅम्बरचाच होतो, कारण पैसे त्यात आहेत.

याहून घातक प्रकार म्हणजे हायड्रॉलिक जॅक लावून शॉकअप किंवा नकल वाकवणं. आकडा खरोखर बदलतो, म्हणून गिऱ्हाईक खूश होतं. पण शॉकअपची नळी वाकली की आतला रॉड अडकत चालतो, सील गळतं, आणि वाकवलेल्या नकलवर तर भरवसाच ठेवता येत नाही. याला साफ नकार द्या. पोलोसारख्या गाडीत शॉकअप नकलमध्ये आत घुसवून आवळलेला असतो. तिथे दोन बोल्टांची जोडणीच नाही. अशा गाडीला कुणी 'शॉकअपचा कॅम्बर बोल्ट टाकला' म्हणाला तर ते खोटं आहे.

घरी तपासायला ओळंबा पुरतो. हवा चारही चाकांत नियमाप्रमाणे, स्टेअरिंग सरळ, गाडी सपाट फरशीवर. ओळंबा टायरच्या फुगवट्याला न टेकता चाकाच्या मध्यावर लटकवा आणि दोरीपासून रिमच्या वरच्या व खालच्या कडेचं अंतर मोजा. वरचं अंतर 7 मिमी जास्त आलं तर कॅम्बर −1°. फरशीचा उतार निघून जावा म्हणून गाडी त्याच जागी उलट तोंडाने लावून पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या. दशांशापर्यंत अचूकता मिळणार नाही, पण −1°20' आणि −0°20' यांतला फरक लपत नाही.

फसवणूक झालीच असेल तर दुरुस्तीच्या आधी पुरावा धरा: बोल्ट आणि लॉकनटांचे फोटो, दोन्ही रिपोर्ट, जीएसटी बिल, दुसऱ्या दुकानाचं लेखी माप. रिपोर्टवर गाडीचा नंबर, मॉडेल, तारीख-वेळ आहे का पाहा. मॉडेल दुसरंच निवडून हिरवे आकडे काढण्याचीही चाल आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. झिजलेले टायर निकाल लागेपर्यंत भंगारात देऊ नका.