शहापुरातलं भाड्याचं वाचनालय आणि पुस्तकामागं चिकटवलेला तो कागद

आमच्या बेळगावात वडगावातनं शहापूरला येताना मागांची खटखट ऐकू येते त्या गल्लीत एक जुनं भाड्याचं वाचनालय आहे, वाचनालय म्हणजे एका घराची पुढची खोली म्हणा की, पाटीवरची अक्षरं पण आता नीट दिसत नाहीत. मी चार वर्षं झाली मेंबर आहे. कधीपासून लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच.

आधी पैशाचं सांगते. डिपॉझिट ३०० रुपये, महिन्याला ८०, एका वेळी दोन पुस्तकं, पंधरा दिवसांत परत. उशीर झाला तर वाचनालय चालवणारे काका दंड घेत नाहीत पण "दुसरं कोणतरी वाट बघायलंय" एवढंच म्हणतात आणि ते दंडापेक्षा जास्त लागतंय.

आता खरं सांगायचं ते. इथं प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी आखीव वहीचा एक कागद डिंकानं चिकटवलेला असतो, भरला की त्याच्यावर दुसरा. पुस्तक परत करताना ज्याला वाटेल त्यानं दोन ओळी लिहायच्या. नाव घालायचं नाही, फक्त गाव किंवा गल्ली, आणि पूर्ण वाचलं का अर्धं सोडलं. "अनगोळ, अर्धं", "खानापूर, दोनदा", असं. मला वाटतं बेळगावात पुस्तक निवडायला याच्यापेक्षा चांगली सोय दुसरी नाही. मागं एकदा मी ऑनलाइन एक पुस्तक मागवलं होतं, सगळीकडं पाच स्टार, सगळे 'अप्रतिम' 'अप्रतिम' म्हणणारे, आणि घरी काय आलं तर झेरॉक्सची कॉपी, मधली सोळा पानं गायब. पाच स्टारवाल्यांपैकी एकानं तरी ते उघडून बघितलं होतं का कोण जाणे. या कागदावर तसं होत नाही कारण लिहिणाऱ्यानं पुस्तक घरी नेलेलं असतंय, आणि त्याच्याखाली लिहिणारा त्याला सोडत नाही!

'कोसला'चा कागद बघा. तिसरा कागद चालू आहे. भालचंद्र नेमाड्यांनी पंचविशीत लिहिलेलं, १९६३ चं पुस्तक, आणि भांडण अजून ताजं. एक जण लिहितोय, "टिळकवाडी, अर्धं. हा पांडुरंग काहीच करत नाही, नुसता होस्टेलात पैसे उडवतोय, बापाचा जीव खातोय." त्याच्याखाली हिरव्या शाईत, "मनी जाते तिथपर्यंत वाच, मग बोल." मनी म्हणजे पांडुरंगची धाकटी बहीण. त्याच्याखाली बारीक अक्षरात कुणीतरी बाईच असणार, "मनीचं वाचून तीन दिवस जेवण गेलं नाही, पण बाकीचं मला पण कंटाळवाणं वाटलं, दोन्ही खरं आहे." मला हे तिसरं मत सगळ्यात पटलं कारण माझं पण तसंच झालं, पण आधीची दोन नसती तर मी त्या पुस्तकाला हातच लावला नसता.

'स्वामी'वर वेगळीच जुंपल्याय. रणजित देसाई कोवाडचे, म्हणजे आमच्या अगदी शेजारचे, त्यामुळं इथं त्यांना सगळे घरचंच मानतात. जुने वाचक माधवराव-रमाबाईंवर डोळे झाकून फिदा. पण एका कॉलेजच्या पोरानं लिहिलंय की हा इतिहास नाही, कादंबरी आहे, पेशव्यांबद्दल खरं काय ते दुसरीकडं वाचा. त्याच्यावर चौघांनी उत्तरं लिहिल्यात, एकानं तर १९६४ चं साहित्य अकादमी काढलं. पोरगा बरोबर बोलतोय असं मला वाटतं, आणि पुस्तक मला आवडलंय पण. पुरस्कार मिळाला म्हणून कादंबरीचा इतिहास होत नाही.

पण सगळ्यात वाचण्यासारखा कागद 'पर्व'चा. भैरप्पांचं मूळ कन्नड, मराठीत उमा कुलकर्णींनी केलेलं, महाभारत आहे पण त्यात चमत्कार नाहीत, कुंती, द्रौपदी, भीम सगळे आपापल्या मनातलं बोलत बसलेले. आमच्या भागात दोन्ही भाषा येणारे घरोघरी आहेत, त्यामुळं इथली मतं पुण्या-मुंबईत मिळणार नाहीत. एकानं कन्नडमधनंच लिहिलंय की मूळ वाचलेल्यानं पण हे वाचावं. दुसरा म्हणतोय मूळातला ठसका मराठीत थोडा सौम्य झालाय. आणि एका आजींनी, अक्षरावरनं आजीच, लिहिलंय, "उमाताई बेळगावच्याच. यजमान कन्नड वाचून टेप करून देत, त्या ऐकून मराठीत लिहीत. दोघांचं पुस्तक आहे हे." हे वाचून मी पुस्तक परत पहिल्यापासून काढलं आणि काही काही वाक्यं मोठ्यानं वाचून बघितली. ऐकून लिहिल्यासारखी खरंच वाटतात. त्याच कागदावर एकानं द्रौपदीचं असलं घरात ठेवू नये म्हणून लिहिलंय. ते पण काकांनी ठेवलंय, खोडलं नाही.

लेकीची गोष्ट पण सांगते. ती इंग्लिश मीडियमला, शाळेत कन्नड, मराठी फक्त घरात. तिच्यासाठी प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' नेलं. कागदावर एका पुण्याच्या पाहुण्यानं लिहिलेलं, "भाषा अडखळवते." आणि खाली मोठ्या अक्षरात, "अडखळत नाही, आमच्या घरात असंच बोलतात." लेकीनं आधी ते वाचलं, मग पुस्तक. जोडाक्षरांवर थांबत थांबत महिना लागला. लंपन आजी-आजोबांकडं राहतो, आईबाबा लांब, तिथं ती मला "आई त्याला कधी नेणार" म्हणून रोज विचारायची. कागदावर तिनं पेन्सिलनं "वडगाव, पूर्ण" एवढंच लिहिलं, मत लिहिलं नाही.

तक्रारी पण आहेत, लपवत नाही. यादी नाही, सगळं काकांच्या डोक्यात, ते नसले तर त्यांच्या सुनेला शोधावं लागतंय. वरच्या फळीवरच्या पुस्तकांना धूळ. रहस्यकथांच्या कागदावर कुणीतरी खुनी कोण ते लिहून ठेवायचं, दोन पुस्तकं माझी अशी वाया गेली, मी काकांकडं रागारागानं बोलले तेव्हा त्यांनी तेवढ्या ओळींवर चिठ्ठ्या चिकटवल्या. आणि एकदा एका धार्मिक पुस्तकाचा कागद सरळ फाडलेला बघितला. काका म्हणाले भांडण वाढलं असतं. मला ते पटलं नाही, त्यांना तसं तोंडावर सांगितलं, अजून पण पटलेलं नाही.

एक गोष्ट मनाला लागल्याय. निपाणीचे महादेव मोरे, पिठाची गिरण चालवत लिहिणारे, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांवर, हातावर पोट असलेल्यांवर लिहिणारे. त्यांच्या पुस्तकाचा कागद कोरा होता. चांगलं म्हणून नाही, वाईट म्हणून पण नाही. निपाणी इथनं लांब आहे का? माझी आत्या तिथंच जर्द्याच्या कामाला जायची, संध्याकाळी घरी आली की पदर झटकला तरी सगळ्यांना शिंका. पुस्तकात तो वास आहे. मी लिहिलं, "वडगाव, पूर्ण. संवाद जसेच्या तसे, शेवट घाईत झालाय, पण वाचा."

परवा बदलायला गेले तेव्हा मुद्दाम उघडून बघितलं. माझ्याखाली बॉलपेननं, "चिकोडी, पूर्ण. शेवट घाईत नाही, आमच्यात असंच होतंय." मी काकांना मोऱ्यांची अजून कुठली पुस्तकं आहेत विचारलं, तर दोन आहेत म्हणाले, वरच्या फळीवर, रविवारी नातू आला की शिडी लावून काढून ठेवतो.