दिवा लागतो म्हणजे सस्टेनर आहे असं नाही

मालाडच्या एका माणसाकडून मी ६२,००० रुपयांना फर्नांडिस या जपानी कंपनीची जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली. सस्टेनरवाली म्हणून घेतली, आणि तिच्यात सस्टेनर नव्हताच. जुनी गिटार शोधत फिरणारी बरीच मुलं माझ्या ओळखीची आहेत. त्यांच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून जे झालं ते सविस्तर लिहितोय.

यातले चाळीस हजार दोन वर्षांच्या शिकवण्यांतून साठवलेले होते. उरलेले आईने भिशीतून दिले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सस्टेनर म्हणजे काय ते सांगतो. साध्या गिटारवर तार छेडली की सूर हळूहळू विरतो. सस्टेनर तो विरू देत नाही. ब्रिजजवळचा, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात तिथला, पिकअप तारेचं कंपन टिपतो, आत बसवलेला बोर्ड ते वाढवतो आणि मानेजवळच्या ड्रायव्हरला देतो. ड्रायव्हर दिसायला पिकअपसारखाच असतो, पण काम उलटं करतो. त्याच्या कॉइलमधून वीज गेली की चुंबकीय क्षेत्र तारेच्याच तालात बदलतं आणि तारेला ढकलत राहतं. झोका परत येताना नेमक्या क्षणी हात लावावा तसं. ईबो हे तारेवर हातात धरून असंच काम करणारं छोटं यंत्र १९७६पासून बाजारात आहे, पण तो एका वेळी एकच तार धरतो. सस्टेनर सहाही तारांवर चालतो. त्याचा हार्मोनिक मोड लावला की सूर धरून ठेवता ठेवता वरच्या स्वरात उमलत जातो. तो आवाज मी एका मित्राच्या गिटारवर ऐकला होता, तेव्हापासून मला तो हवा होता.

विकणाऱ्याचं बोलणं गोड होतं. "दादा, ही कंपनी २०२४मध्ये दिवाळखोरीत गेली. आता असा पीस मिळणार नाही. उद्या एक पुण्याचा माणूस येतोय बघायला." कंपनीबद्दलची माहिती खरी होती, म्हणून बाकीचंही मला खरं वाटलं. त्याने स्विच टाकला, लाल दिवा लागला. मग एक सूर छेडला आणि तो थांबेचना. दहा सेकंद, पंधरा सेकंद. माझ्या अंगावर काटा आला.

मी काय बघायला हवं होतं ते आता कळतंय. त्या खोलीत मोठा अ‍ॅम्प होता, गेन भरपूर, आवाज कान फाटेल इतका, आणि तो अ‍ॅम्पच्या अगदी समोर उभा होता. अशा वेळी स्पीकरचा आवाजच तारेला हलवतो. कोणतीही साधी गिटार तिथे सूर धरून ठेवते. तो फीडबॅक होता. खरा सस्टेनर ओळखायचा तर अ‍ॅम्प बंद करायचा. केबलचं एक टोक मात्र गिटारमध्ये खोचलेलं हवं, कारण बॅटरीचा सर्किट तिथेच जोडला जातो. मग स्विच टाकून तार छेडायची आणि कान गिटारच्या लाकडाजवळ न्यायचा. सस्टेनर असेल तर शांत खोलीतही तार आपोआप वाजत राहिलेली ऐकू येते, बोटाला थरथर लागते.

मी मुलुंडला घरी आणून रात्री हळू आवाजात वाजवलं, तर सूर तीन-चार सेकंदांत गेला. दिवा लागलेलाच. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "बॅटरी उतरली असेल." बॅटरी उतरली की सस्टेनर खरंच नीट चालत नाही, आणि दिव्याला अगदी थोडी वीज पुरते, त्यामुळे अशक्त बॅटरीवरही दिवा लागतो. म्हणजे त्याचं म्हणणं चूक नव्हतं. नवी ९ व्होल्टची अल्कलाइन आणली, काही फरक नाही. तारा बदलल्या, पिकअपची उंची थोडी वर केली, तरीही काही नाही. "बोर्डवरचा ट्रिमर फिरवून बघा," असं त्याने मेसेजमध्ये लिहिलं. ट्रिमर म्हणजे बोर्डवरचा फिरवून जुळवायचा छोटा स्क्रू. मागचं झाकण उघडायची मला भीती वाटली. वॉरंटी जाईल असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. वापरलेल्या गिटारला कसली वॉरंटी, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही.

एक गोष्ट तर मी रोज बघत होतो. सस्टेनर चालू असताना सिलेक्टर, म्हणजे कोणता पिकअप वाजवायचा ते ठरवणारा खटका, कुठेही असला तरी फक्त ब्रिजचा पिकअप वाजतो. माझ्या गिटारचा आवाज दिवा लागलेला असतानाही सिलेक्टरसोबत बदलत होता. त्याचा अर्थ मला लागला नाही.

शेवटी लॅमिंग्टन रोडवर एका जुन्या अ‍ॅम्प दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी झाकण उघडायच्या आधीच विचारलं, "बाळा, कुणी उघडलीय का ही?" झाकणाच्या चार स्क्रूंपैकी एक वेगळ्या डोक्याचा होता. आत बोर्ड नव्हता. बॅटरीची लाल वायर एका रेझिस्टरमधून सरळ दिव्याला गेली होती, बाकीच्या वायरी कापून टेप गुंडाळलेल्या. मीटर लावल्यावर स्विच चालू असताना ४ मिलिअँपिअर दाखवत होता. सूर धरून ठेवणारा सस्टेनर याच्या कितीतरी पट वीज ओढतो. मग काकांनी मानेजवळच्या "ड्रायव्हर"च्या दोन वायरी मोकळ्या केल्या आणि मीटरची टोकं लावली. कॉइलचा रोध ७.४ किलोओहम, म्हणजे ७,४०० ओहम. ड्रायव्हरच्या कॉइलचा रोध याच्यापेक्षा कितीतरी कमी असतो. तिथे साधा पिकअप बसवला होता. काकांनी पैसे घेतले नाहीत. मीटरचा फोटो काढून घे म्हणाले, आणि मी तो काढला.

विकणारा म्हणाला, मीच घरी छेडछाड केली असणार. नंतर त्याने नंबर ब्लॉक केला. पण "सस्टेनर ओरिजिनल, १०० टक्के वर्किंग" हा त्याचा मेसेज माझ्याकडे आहे, आणि पैसे मी यूपीआयने दिलेले होते, रोख नाही. पोलिसांत अर्ज दिला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. तो गिटारी विकण्याचाच धंदा करतो, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाणार आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आईला अजून पूर्ण रक्कम सांगितलेली नाही, या आठवड्यात सांगणार आहे.

त्या गिटारमधला खरा बोर्ड आणि ड्रायव्हर कुठेतरी सुटे विकले गेले असणार किंवा विकायला असतील. मुंबईत कुणाला फर्नांडिसचा सस्टेनर सुटा मिळाला, वायरी सोल्डर न काढता अर्ध्यातच कात्रीने कापलेल्या असतील, तर घेण्याआधी मला फोटो पाठवा. माझ्या गिटारमध्ये त्या वायरींची दुसरी टोकं आहेत. लाल, पांढरी आणि एक हिरवी, हिरवीवर जळल्याचा छोटा काळा डाग.